मधलं कापड

१

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. अकरा वर्षं मी त्या काउंटरवर बसून माणसांना एकच गोष्ट सांगत आले, की बाबा, ही टांकसाळीची चूक नाही, हे नुसतं खराब झालेलं नाणं आहे, याला जादा पैसे येणार नाहीत. अकरा वर्षं कोणी मानलं नाही. मग एकदा, फक्त एकदा, मी म्हटलं की हे खरं आहे, ही टांकसाळीतच झालेली चूक आहे. तेही कोणी मानलं नाही. मी काहीही बोलले तरी पालथ्या घड्यावर पाणीच, तर मला तिथे बसवलं कशाला होतं?

जुन्या नाण्यांचं दुकान, वेंडेल आमस्टुट्झ यांचं. ओहायोतलं आमचं गाव, चीज फॅक्टरीच्या समोर, पुढे दुकान आणि मागे एक खोली. दुकान त्यांचं, नाव त्यांचं, डोळे माझे. त्यांना चौऱ्याहत्तरावं चालू होतं आणि दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. समोर माणूस उभा राहिला तर त्याची टोपी दिसायची, बूट दिसायचे, तोंड दिसायचं नाही. हे फक्त मला माहीत होतं. त्यांच्या मुलीला, मार्लिसला, कळलं असतं तर तिने दुकानाला कुलूप घालून त्यांना म्हाताऱ्यांच्या होममध्ये नेऊन बसवलं असतं. म्हणून ते भिंग डोळ्याला लावायचे, खाली अंगठ्याचं नख नाण्यावरून फिरवायचे, आणि मी कानाशी पुटपुटायचे तेच मोठ्याने गिऱ्हाइकाला सांगायचे.

मी शिकले आठ इयत्ता, तीही एका खोलीच्या शाळेत. मोटार न वापरणाऱ्या घोडागाडीवाल्या पंथात जन्मले, विसाव्या वर्षी बाहेर पडले. येताना शिवण आणली आणि तोंड आणलं. नाणी मी तिथे काउंटरवर शिकले, आणि माझा नियम दोन ओळींचा आहे. नाणं जन्मताना जे झालं ती चूक. जन्मल्यावर झालं ते नुकसान.

लोकांना हे दोन ओळींचं पटत नाही. फेब्रुवारीत, वेंडेल जेवायला गेलेले असताना, एक जण पंचवीस सेंटचं नाणं घेऊन आला, मखमलीच्या डबीत.

"बाई, फोनवर एक माणूस सांगतो, असल्या नाण्याचे चाळीस हजार डॉलर येतात."

"मग त्यालाच विक."

"तुम्ही नीट बघितलंच नाही."

"बघितलं. हे लाँड्रीच्या ड्रायरमध्ये फटीत अडकून वर्षभर आपटत होतं. काठ बघ, आत वळलाय, अक्षरं खाल्लीत. टांकसाळीत काठ असा वळत नाही. तुझ्या बायकोने पँटचे खिसे तपासले नाहीत, एवढीच यातली चूक."

तो डबी मिटून गेला. जाताना दार आपटलं. रोजचंच.

२

त्याच आठवड्यात, गुरुवारी, ओपल नुसबाउम आली. ही विधवा बाई, गावाबाहेर राहते, दर गुरुवारी खरेदीला येते. तिचा नवरा डेलमार वारला तेव्हा तळघरात कॉफीचा एक मोठा डबा निघाला. चौऱ्याहत्तर साली तांबं महागलं म्हणून अर्ध्या गावाने पेन्या, म्हणजे तांब्याची एक सेंटची नाणी, साठवल्या, त्यातलाच हा एक. डब्यात कागदाच्या गुंडाळ्या, एकेका गुंडाळीत पन्नास पेन्या, सगळ्या १९७४च्या, टोकं खळीने चिकटवलेली. ओपल दर आठवड्याला एक गुंडाळी फोडून बघत बसायची. वेळ जायला काहीतरी हवं.

"ही बघ गं," ती म्हणाली. "लिंकनचं डोकं गेलंय."

मी न बघताच म्हणणार होते, नुकसान. मग बघितलं.

पेनीवर लिंकनचं डोकं असतं, त्या जागी कापड होतं. तिरप्या विणीचं जाड सुती कापड, धागा न् धागा मोजता येईल असं तांब्यात उमटलेलं. अशी नाणी असतात. टांकसाळीत कोरी चकती आणि तिच्यावर आपटणारा ठसा यांच्या मधे चिंधी सापडते आणि चिंधीची वीण नाण्यावर येते. आणि अशी खोटी नाणीही असतात, कोणीतरी घरी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात नाणं आणि कापड एकत्र आवळलेलं. फरक सांगते. कापड नंतर दाबलं असेल तर लिंकनचा गाल चेपलेला दिसतो. इथे गाल चेपलेला नव्हता. इथे गाल कधी तयारच झाला नव्हता. मागची बाजू कोरीकरकरीत, काठ शाबूत, वजन बरोबर.

"खरं आहे," मी वेंडेलच्या कानाशी म्हटलं.

त्यांनी नख फिरवलं. "नुकसान," ते ओपलला म्हणाले.

ओपल गेल्यावर मी विचारलं, "का?"

"कारण खरं असतं तर नखाला खडबड लागली नसती."

"कापड खडबडीतच असतं, वेंडेल."

"तू मला शिकवू नकोस. माझी नखाची टेस्ट तीस वर्षं जुनी आहे."

"तीस वर्षांपूर्वी तुम्हाला दिसत होतं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मागच्या खोलीत काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला, ठप्प, एकदाच. काउंटरवरचा वजनकाटा रिकामा होता. त्यावरचे आकडे हलले आणि परत शून्यावर आले. चीज फॅक्टरीचा ट्रक असेल म्हणून मी सोडून दिलं. खिडकीतून बघितलं तर ट्रक नव्हता. पुढे गेला असेल.

३

पुढच्या गुरुवारी ओपलने दुसरी आणली. दुसऱ्या गुंडाळीतली. तेच कापड, पण या वेळी मधोमध रफू होतं.

रफू मी ओळखते. माझी आई रफू संपवताना धागा उलटा घेऊन कोपऱ्यात बारीक फुली टाकायची. गाठ मारायची नाही, गाठ टोचते. मीही तसंच करते. गावात दुसरं कोणी करत नाही, कारण गावात आता रफूच कोणी करत नाही.

भिंगाखाली फुली होती.

मी मान वर केली. वेंडेल शेजारी बसले होते, करड्या कामाच्या कोटात. कोट दहा वर्षांचा. उजवी बाही काउंटरला घासून फाटली होती आणि जानेवारीत मीच ती रफू केली होती.

"हात पुढे करा," मी म्हटलं.

"कशाला?"

"करा म्हणते ना."

नाणं बाहीशेजारी धरलं. रफूचे आडवे धागे अकरा, नाण्यावर अकरा. फुली बाहीवर डावीकडे, नाण्यावर उजवीकडे, ठशात उलटं येतं तसं. मी तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही.

"या नाण्यावर तुमची बाही आहे."

"आणि तुझ्या डोक्यात भुसा आहे. नाणं चौऱ्याहत्तरचं. रफू तू यंदा केलंस."

"तेच तर म्हणतेय मी."

"मग ऐकलंस ना स्वतःचं? कोणीतरी खोडसाळपणा केलाय. माझा कोट खुंटीवर असतो, दुकानात शंभर माणसं येतात. बाहीवर नाणं ठेवलं, आवळलं, झालं. थांब, दाखवतोच तुला."

मागच्या खोलीत त्यांचा जुना व्हाइस होता. चिंधीपेटीतलं एक तिरप्या विणीचं फडकं घेतलं, एक पेनी घेतली, दोन्ही जबड्यांत धरली आणि दांडा आवळला. म्हातारा घामाघूम झाला. पेनी बाहेर काढली. कापड उमटलं होतं, खाली लिंकनचा गाल भरतासारखा चेपलेला, आणि मागची बाजू सपाट.

"बघा," मी म्हटलं, "मागची बाजू गेली. ओपलच्या नाण्याची मागची बाजू नवी आहे."

"मग त्याने मागे चामडं लावलं असेल."

"आणि गाल?"

"चांगलं चामडं असेल."

असल्या माणसाशी काय बोलणार? मी खुर्चीवर बसले. तेवढ्यात परत तो आवाज आला. ठप्प. थोड्या वेळाने, ठप्प. व्हाइस आमच्या समोर होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता.

"आवाज ऐकलात?"

"फॅक्टरीचा असेल," ते म्हणाले.

४

मी दोन्ही नाण्यांचे फोटो काढून नाणी पारखणाऱ्या मोठ्या कंपनीला पाठवले. स्वतःच्या पैशाने. उत्तर आलं, नंतर झालेलं नुकसान, फी परत मिळणार नाही. मार्लिसला सांगितलं, कारण बापाचं काही बरंवाईट होणार असेल तर मुलीला कळायला हवं.

ती नूडल आणि बटाट्याचा डबा घेऊन आली होती. डबा टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"व्हर्ना, बाबांचं वय झालंय. त्यांच्या डोक्यात असलं काही भरवू नकोस."

"मी भरवत नाही. मी सांगते ते ते ऐकतच नाहीत."

"मग ऐकत नाहीत तेच बरं आहे."

मी विचार केला. शिक्षण नसलं तरी विचार करता येतो. एका नाण्यावर बाहीचा वरचा, कोरा तुकडा, दुसऱ्यावर रफू. रफू मनगटापासून दोन बोटं वर. म्हणजे जे काही होतं ते बाहीवरून हाताकडे सरकत होतं. त्याच्यापुढे काय येतं ते मला कोणी शाळेत शिकवायला नको होतं. हात त्यांचा. वेळ किती, ते माहीत नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या हातात होती. नाण्यावरचं रफू माझं होतं, तर ते रफूच मी मोडून टाकते. मग ती नाणी खोटी पडतील.

कोट धुवायचा आहे सांगून घरी नेला. रफूचा धागा न् धागा उसवला. बाही उलटी केली तेव्हा आतल्या बाजूला, रफूच्या बरोबर खाली, एक गोल चकाकी दिसली. पेनीएवढी. इस्त्रीने कापड चकाकतं तशी, काठाशी जास्त. त्या कोटाला दहा वर्षांत इस्त्री लागलेली नाही. मी बोट फिरवलं. चकाकीत काहीतरी बारीक उंचवटे होते. मी भिंग घरी नेत नाही आणि त्या दिवशी आणायलाही गेले नाही. बटण दाबलं गेलं असेल. बटण दुसऱ्या बाजूला होतं, पण तरी.

वर निळ्या कापडाचं ठिगळ लावलं. सात टाके. चौथा टाका मुद्दाम वाकडा घातला. फुली नाही.

५

गुरुवारची वाट बघितली नाही. मंगळवारी मीच ओपलच्या घरी गेले. तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर मेणकापड, त्यावर डबा.

"तू गुंडाळ्या फोडू नकोस," मी म्हटलं. "मी फोडते. तू बघ."

"तुझा माझ्यावर संशय आहे का गं?"

"होता. म्हणूनच म्हणते, तू बघ."

गुंडाळीवर डेलमारच्या अक्षरात १९७४, शाई तपकिरी पडलेली. खळ इतकी वाळलेली की कागद बिस्किटासारखा तुटला. पन्नास पेन्या ओतल्या. एकोणपन्नास लिंकन.

पन्नासाव्या पेनीवर ठिगळाची कड होती. सात टाके. चौथा वाकडा.

मी पेनी मेणकापडावर ठेवली. ओपलने वाकून बघितलं. "शिवण सुबक आहे," ती म्हणाली. "एक टाका सोडला तर."

तिचं कौतुक ऐकून मला तिच्या डोक्यात तो डबा घालावासा वाटला. बिचारीची काही चूक नव्हती. पन्नास वर्षं बंद असलेल्या कागदात माझा परवाचा टाका होता, आणि तो बघायला जगात आम्ही दोघीच होतो, त्यातल्या एकीला फक्त शिवण दिसली.

६

मी कोट जाळला. परसात पिंपात घालून, वर रॉकेल ओतून. ना बाही राहील, ना ठिगळ, ना टाका. कापडच नसेल तर उमटणार काय, असा माझा हिशोब. हिशोब मला बरोबर वाटला होता, हे लिहून ठेवते.

वेंडेलला सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर मनापासून चिडले.

"माझा कोट?"

"नवा घेऊन देते."

"मला नवा नको. दुकानात थंडी वाजते. तू आता दुसऱ्याचे कपडे जाळायला लागलीस? उद्या काय, मला जाळशील?"

"तुम्ही थोडे दिवस दुकानात बसू नका."

"मग कुठे बसू? मार्लिसने बघून ठेवलेल्या होममध्ये? तिथल्या खिडकीत बसून मका उगवताना बघू? तोही मला दिसणार नाही."

ते शर्टाच्या बाह्या दुमडून बसले. हट्टाने. मी स्वेटर दिला तो खुर्चीवर तसाच टाकला. उजवा हात उताणा काउंटरवर, पेन्यांच्या ट्रेमध्ये, बोटांनी नाणी चाळत. तळहातावर त्यांना जुना व्रण होता. लहानपणी बापाच्या चीजघरात दही कापायच्या तारेने कापलेला, अंगठ्याखालून आडवा, टोकाला दोन फाटे फुटलेला. अकरा वर्षांत मी तो हजारदा पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला आणि मग बघवेना.

आवाज आता रोज येत होता. दुपारी, उन्हात, फॅक्टरी जेवायला बंद असतानाही. ठप्प. ठप्प. मधलं अंतर सारखं. पाय जमिनीवर ठेवले की टाचेत कळायचं. मी मागच्या खोलीत गेले की समोरून यायचा, समोर आले की मागून.

७

गुरुवारी, दुपारी दोनला, मी पुन्हा ओपलकडे होते. तिने अ‍ॅपल पाय भाजला होता, मी खाल्ला नाही. डब्यात एकच गुंडाळी उरली होती.

फोडली. ती पेनी वरच होती.

कापड नव्हतं. आधी मला वाटलं कोरी आहे. मग उजेडाकडे तिरकी धरली. त्वचा होती. बारीक चौकटी चौकटींची, हाताच्या तळव्याला असते तशी, रेषा उलट्या पडलेल्या. मधून एक जाड उंचवटा आडवा गेलेला, टोकाला दोन फाटे. व्रणाची खाच तांब्यात उंचवटा होऊनच येणार.

ओपलच्या भिंतीवरच्या फोनवरून दुकानात फोन लावला. सहाव्या रिंगला उचलला.

"आमस्टुट्झ. बोला."

"वेंडेल, ट्रेमधला हात काढा."

"कोण, व्हर्ना? कुठे आहेस तू? कधीची वाट बघतोय."

"हात उचला. छातीशी धरा आणि रस्त्यावर जा."

"एक मिनिट." फोनमधून मला तो आवाज ऐकू येत होता, एकसारखा, मोठा, जवळ. "हा आवाज तुलाही ऐकू येतो का गं?"

"येतो."

"मला वाटलं माझे कानही गेले." ते जरा थांबले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हाताला गार लागतंय. वरून आणि खालून. माझा कोट हवा होता."

मी त्यांचं नाव घेतलं. पलीकडे आवाज एकदा झाला आणि मग बंद पडला. फोन चालूच होता. दुकानातलं घड्याळ ऐकू येत होतं.

८

मी पोचले तेव्हा चीज फॅक्टरीचे दोघं आणि डॉक्टर आधीच आत होते. वेंडेल खुर्चीतच होते, डोकं काउंटरवर. उजवा हात ट्रेमध्ये, उताणा. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. या वयात होतं.

त्यांनी हात उचलून पोटावर ठेवला तेव्हा मी हाताची मागची बाजू बघितली. मनगटाच्या पुढे, त्वचेत, पेनीएवढं गोल.

"नाण्यांवर हात पडला होता ना," डॉक्टर म्हणाले. "वजनाने उमटतं. जाईल थोड्या वेळात."

"डॉक्टर, नाणं त्वचेत रुतलं तर खोलगट उमटतं. आणि उलटं."

"बाई, तुम्ही बसा. पाणी घ्या."

"हे उठावदार आहे. आणि सरळ आहे. वाचून दाखवू? हे नाण्याने होत नाही. हे ठशाने होतं. हे नुकसान नाही."

फॅक्टरीवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. वाकून पुन्हा बघितलं. लिंकनची दाढी, कॉलर, खाली साल, १९७४, चारही आकडे स्वच्छ. असं सुबक उमटलेलं नाणं मी अकरा वर्षांत हाताळलं नव्हतं. बोट लावलं. कातडी होती, पण गार आणि कडक. संध्याकाळी मार्लिस आली तेव्हाही ते गेलं नव्हतं, आणि तिने अंत्यसंस्कारवाल्यांना सांगून त्या हातावर दुसरा हात ठेवून घेतला.

आता सगळे एकमेकांना समजावतात. मार्लिस म्हणते कोणाचाच दोष नाही, बाबांचं हृदयच कमजोर होतं. पाद्री म्हणतो देवाची इच्छा. ओपल रडते की मी तो डबा उघडायलाच नको होता. मी तिला सांगितलं, गप्प बस, डबा डेलमारचा, तुझा काय संबंध. तिलाही ते पटलं नाही.

मला कोणी दोष देत नाही. मी स्वतः जाऊन सांगितलं तरी देत नाहीत. मार्लिसने तर मला मिठी मारली. अकरा वर्षं मी लोकांना सांगितलं की ठसा आणि चकतीच्या मधे जे येतं त्याच्यावर घाव बसतो. मग त्या बाहीच्या आतली गोल चकाकी मी बोटाने चाचपली तेव्हा मला कळायला हवं होतं. घाव कापड झेलत होतं. महिनाभर तो कोट मधे होता आणि हात वाचत होता. मी रफू मोडलं, मी ठिगळ लावलं, आणि एवढ्यावर न थांबता मधलं कापडच काढून जाळलं. ते म्हातारे थंडी वाजते म्हणत होते तेव्हाही मी ऐकलं नाही.

डॉक्टरांच्या कागदावर कारण म्हणून हृदय लिहिलंय. ते चूक आहे. तिथे नाव हवं, व्हर्ना श्लाबाख.